वाख पाण्यात पिकतो

बाळा, यंदा ओढ्यालगतचं एकरभर वावर अंबाडीला द्यायचं तू आणि सूनबाईंनी ठरवलंत, हे ऐकून फार बरं वाटलं. भाजीसाठी धुऱ्यावर चार ओळी टाकणं वेगळं आणि वाखासाठी, म्हणजे सालीतल्या धाग्यासाठी, पीक घेणं वेगळं. पहिलं सगळ्यांनाच येतं. दुसरं जाणणारे आता आपल्या मराठवाड्यात गावोगाव मोजकेच उरलेत, म्हणून मला ठाऊक आहे ते तुला सांगून ठेवतो. सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की धर. अंबाडी रानात वाढते, पण वाख पाण्यात पिकतो. रानात तू कितीही राबलास आणि काड्या पाण्यात घातल्यावर दोन दिवस दुर्लक्ष केलंस, तर चार महिन्यांची मेहनत गेली समज. उलट पीक मध्यम आलं तरी पाण्याचं काम चोख झालं, तर माल हातोहात जातो.

हे मी कोणाकडून शिकलो तेही सांगतो, कारण ते सांगितलंच पाहिजे. मोटेचा नाडा आणि सोल, बैलांचे कासरे, दावी, वेसणी, पोळ्याच्या मोरख्या, घरातली शिंकी, हे सगळं आपल्याकडे मातंग घरांतून यायचं. अंबाडी भिजवणं, वाख काढणं, पीळ देणं ही त्यांची विद्या. त्याबद्दल खळ्यावर बलुतं मिळायचं, आणि कष्टांच्या मानानं ते फार थोडं असायचं. पुढं मोटा गेल्या, नायलॉनचा दोर आला, ती घरं पोटासाठी शहराकडं गेली. पण ज्या म्हाताऱ्या बायांच्या बोटांत ही विद्या अजून आहे, त्यांना पहिल्या वर्षी मानानं बोलाव आणि रोज चोख दे. काडी भिजली की नाही हे त्या अंगठ्यानं सांगतील. ती परीक्षा कागदावर लिहून शिकवता येत नाही.

आता बियाण्याचं. अंबाडी दोन जातींची. एक आपली नेहमीची, हाताच्या पंजासारख्या चिरलेल्या पानांची, खोडावर बारीक काटे, पिवळं फूल आणि त्याच्या मध्यभागी गडद लाल डोळा. जगात तिला केनाफ म्हणतात. दुसरी लाल अंबाडी. तिची आंबट, मांसल बोंडं सरबताला आणि चटणीला वापरतात, आणि तिचाच एक उंच, न फांदणारा प्रकार वाखासाठी लावतात. ज्यूटचे गिरणीवाले दोन्हींना मेस्ताच म्हणतात. लाल जात कोरड सहन करते आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीलाही बरी तोंड देते, पण ती उशिरा येते. आपल्या भागात दिवाळी सरली की ओढ्याचं पाणी आटू लागतं आणि गारही पडतं. म्हणून माझं मत विचारशील तर आपल्याला पंजाच्या पानाचीच बरी. पाणी आहे तोवर तिचं काम उरकतं. ज्या रानात वांगी, भेंडी, टोमॅटो घेऊन मुळांवर गाठी दिसल्या असतील, तिथं मात्र ती लावू नकोस.

पेरणी मृगाच्या पावसावर साधायची, फार तर आर्द्रा. ही घाई उगाच नाही. अंबाडी दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते, तू कधी पेरलीस हे ती बघत नाही. जूनच्या मध्यात पेरलेली आणि जुलै संपताना पेरलेली थोड्याफार फरकानं एकाच सुमारास फुलते. उशिराची बिचारी कमरेच्या थोडी वर गेलेली असते, वेळेवरची तुझ्या डोक्याच्या वर दोन हात. वाख खोडाच्या सालीतून निघतो, आणि फूल आलं की उंची थांबते. एक पंधरवडा हुकला तर तो नंतर कोणत्याही खतानं भरून निघत नाही.

पेर दाट कर. एकरी पाच-सहा किलो बी, ओळींत फूटभर अंतर, बी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल नको. तीन आठवड्यांनी विरळणी करून दोन रोपांत तीन-चार बोटं जागा ठेव. धुऱ्यावरची अंबाडी मोकळी असते म्हणून तिला फांद्या फुटतात. भाजीला ते चांगलं, वाखाला वाईट. जिथं फांदी फुटते तिथं धागा तुटतो. दाटीत काडी सरळ उजेडाकडं जाते आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत साल एकसंध राहते. दाट पीक वाऱ्यालाही एकमेकांच्या आधारानं उभं राहतं.

यात सूनबाईंना एक सांगणं आहे. कोवळे शेंडे दिसले की भाजीसाठी हात जातोच, कण्या घातलेली अंबाडीची भाजी मलाही जीव की प्राण. पण वाखाच्या रानातला एकही शेंडा खुडायचा नाही. शेंडा खुडला की रोप फांदतं आणि ती काडी वाखातून बाद होते. भाजीसाठी धुऱ्यावर वेगळी ओळ टाका आणि शेजारपाजारच्या बायांनाही ती ओळ दाखवून ठेवा.

पहिला महिनाभर तण मारावं लागतं, दोन खुरपण्या झाल्या की पीकच तणाला दाबतं. शेणखत असेल तर तेच घाल, नत्र जास्त झालं की काडी मऊ पडून लोळते. रानात पाणी तुंबू देऊ नकोस. तुंबलेल्या पाण्यात बुडखा सडतो, साल काळी पडते, आणि तो डाग पुढं वाखात उतरतो. काळ्या रानात उताराच्या बाजूला चर काढूनच पेरणी कर.

कापणी कधी, यावर लोक चुकतात. बहुतेकांना वाटतं, बोंडं धरू द्यावीत, बीही मिळेल आणि वाखही. दोन्ही साधायला गेलं की वाख राठ होतो. अर्धं रान फुलावर आलं की विळा घाल, म्हणजे साधारण हस्त सरताना किंवा चित्रा नक्षत्रात. त्याआधी कापलं तर धागा रेशमासारखा मऊ निघतो, पण वजन भरत नाही. बोंडं पक्की झाल्यावर कापलं तर वजन थोडं वाढतं, पण काडी लाकडावते, भिजायला जास्त दिवस घेते आणि गोंद सुटता सुटत नाही. बियाण्यासाठी रानाचा एक कोपरा वेगळा राखायचा, तिथं रोपं फूट-दीड फूट मोकळी ठेवायची आणि ती पूर्ण पिकू द्यायची.

कापताना जमिनीलगत काप, कारण बुडाकडं साल जाड असते. काट्यांनी हात सोलतात, तेव्हा कापणाऱ्यांना हातमोजे दे. कापल्या कापल्या काड्या निवडायच्या. जाड एकीकडं, बारीक एकीकडं, किडक्या-मोडक्या बाहेर. हे काम कंटाळवाणं आहे आणि याच कामात दर्जा ठरतो. बारीक काडी दहा दिवसांत भिजते, जाडीला पंधरा-सोळा लागतात. एकाच पेंढीत दोन्ही बांधल्या तर जाड भिजेपर्यंत बारीक सडून जाते. पेंढी वीतभर व्यासाची, दोन ठिकाणी सैलसर बांधलेली असावी. आवळून बांधलीस तर आतल्या काड्यांना पाणी पोचत नाही. पेंढ्या दोन-तीन दिवस रानातच उभ्या ठेव, पाला गळून जाईल. तो पाला रानाचं खत आहे, आणि पाण्यात गेला तर पाणी नासवतो. पण त्याहून जास्त दिवस ठेवू नकोस. सुकून कडक झालेली काडी पाण्यात फार वेळ घेते.

आता पाणी. हे नीट ऐक.

काडीत धागे गोंदानं चिकटलेले असतात. पाण्यातले जंतू तो गोंद खातात आणि धागा सुटा होतो. तू काही करत नाहीस, जंतू करतात. तुझं काम त्यांना हवं तसं पाणी देणं आणि त्यांनी गोंद संपवून धाग्याला तोंड लावण्याआधी काडी बाहेर काढणं. पाणी कोमट हवं, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हाचा फायदा घ्यायचा. थंडी पडल्यावर हेच काम दुप्पट दिवस खातं.

आमच्या वेळी काड्या थेट ओढ्यात घालायचे. तू घालू नकोस. भिजत्या काड्यांच्या पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, दुर्गंधी येते, आणि खालच्या वस्तीची जनावरं तेच पाणी पितात. आपल्या वावरात वेगळा खड्डा घे. थांबलेल्या पाण्यात एक किलो काडीला वीस लिटर पाणी धरायचं. एकराचं चांगलं पीक दहा टन हिरव्या काड्या देतं, म्हणजे एकदम घालायचं तर दोन लाख लिटर पाणी लागेल. तेवढं नको. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, एक मीटर खोल अशा खड्ड्यात पन्नास हजार लिटर मावतं, त्यात अडीच टन काड्या भिजतात. असे दोन खड्डे घेतलेस तर दोन फेऱ्यांत एकर उरकतो. पहिल्या फेरीत कापलेला माल मऊ निघेल, तो कागद बनवणाऱ्या गिऱ्हाइकाला दे. दुसऱ्या फेरीचा थोडा जून असेल, तो दोरखंडाच्या कारखान्याला चालतो. खड्ड्याला ताडपत्री घाल, नाहीतर काळ्या मातीचा रंग वाखाला बसेल. ताडपत्रीवर जुनी पोती अंथर, काड्यांची टोकं तिला भोकं पाडतात. शेततळ्याच्या कागदावर मात्र काड्या टाकू नकोस, तो फाटला तर वर्षभराचं पाणी जाईल.

पेंढ्या पहिले दोन-तीन दिवस गुडघाभर पाण्यात बुडाकडून उभ्या ठेवायच्या. बुडखा जाड, त्याला जास्त भिजणं लागतं. मग त्या आडव्या घालायच्या, दोन-तीन थर, आणि वर वजन ठेवून निदान वीतभर पाण्याखाली दाबायच्या. वजनाला धुतलेले दगड किंवा सिमेंटचे ठोकळे घे. मातीची ढेकळं, केळीचे खुंट, ओली बाभळीची किंवा आंब्याची लाकडं अजिबात नकोत. ओल्या लाकडातला तुरट रस आणि पाण्यातलं लोह मिळालं की वाख काळपट होतो, आणि तो कितीही धुतला तरी उजळत नाही. लोखंडी तारा आणि पत्रेही त्याच कारणानं दूर ठेव. प्रत्येक पेंढीत तागाच्या, म्हणजे बोरूच्या, दोन हिरव्या काड्या खोच. त्या लवकर कुजतात आणि जंतूंना सुरुवातीला खाद्य मिळतं.

दुसऱ्या फेरीच्या वेळी खड्डा पूर्ण रिकामा करू नकोस. जुन्या पाण्याचा थोडा भाग राखून त्यात ताजं पाणी भर. दुधाला विरजण लावतो तसंच हे आहे, तयार जंतू मिळाले की काम लवकर सुरू होतं. पश्चिम बंगालमध्ये बराकपूरला ज्यूट आणि इतर तंतुपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, १९५३ पासून. तिथल्या शास्त्रज्ञांनी याच कामासाठी जंतूंची एक भुकटी तयार केली आहे, क्रायजाफ सोना नावाची. तिनं भिजण्याचे दिवस कमी होतात आणि वाखाचा रंगही उजळ येतो. जुन्या बायांचं जुनं पाणी राखणं आणि शास्त्रज्ञांची भुकटी यांच्यामागचं तत्त्व एकच. मिळाली तर जरूर वापर.

आठव्या दिवसापासून रोज सकाळी बघायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. वरची नाही, मधल्या थरातल्या पेंढीच्या पोटातली काडी ओढून काढ. बुडाकडं साल अंगठ्यानं दाबून सरकव. साल चिकटून तुकड्यांत निघाली तर अजून वेळ आहे. बुडापासून हातभर अंतर साल सहज सुटली, आतली काडी पांढरी, स्वच्छ दिसली, आणि सुटलेला धागा दोन्ही हातांनी ताणल्यावर तुटला नाही, तर त्याच दिवशी माणसं लाव. उद्यावर टाकू नकोस. कच्चा राहिलेला वाख गोंदामुळं ताठ राहतो, त्याचे पट्टे सुटत नाहीत. जास्त भिजलेला दिसायला पांढरा, मऊ, पण ओढला की तुटतो. कच्चा परत पाण्यात घालता येतो. जास्त भिजलेल्याला उपाय नाही. म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ बघत जा.

वाख काढताना एकेक काडी सोलायची. घाई झालेले लोक मूठभर काड्या एकदम मोडून पाण्यावर आपटतात. त्यात धागे गुंततात आणि काडीचे तुकडे वाखात अडकतात. तेच तुकडे पुढं यंत्रात धागा तोडतात, आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दारात येत नाही. बुडाकडून साल सोडवायची, धाग्यांची टोकं बोटांभोवती घ्यायची, काडी ओढून बाहेर काढायची. मग वेगळ्या, स्वच्छ पाण्यात धुवायचा. भिजवलेल्या खड्ड्यातच धुतलास तर गोंद पुन्हा धाग्यावर बसतो. धुतल्यावर पिळायचा नाही, मुठीत दाबून पाणी काढायचं. पिळलेल्या वाखात गाठी पडतात.

वाळवायला बांबूच्या दांड्या बांध. जमिनीवर पसरलास की माती आणि काडीकचरा लागतो. दोन-तीन दिवस मऊ उन्हात, मधे एकदा उलटून, आतून कोरडा होईपर्यंत. वरून वाळलेला आणि आतून दमट वाख गठ्ठ्यात बांधला की मधोमध कुजतो, आणि ते गठ्ठा उघडल्यावरच कळतं. वजन वाढावं म्हणून कोणी पाणी मारायला सांगेल. तसला सल्ला देणाऱ्याला वावरात येऊ देऊ नकोस. दमट मालानं गिऱ्हाइकाचं गोदाम नासतं आणि गावाचं नाव जातं.

हजार किलो हिरव्या काडीतून ४० ते ५० किलो कोरडा वाख निघतो. म्हणजे दहा टनांतून चार-पाच क्विंटल. हिशोब याच आकड्यावर कर, यापेक्षा जास्त सांगणाऱ्यावर विसंबू नकोस. गठ्ठे बांधताना लांब-उजळ माल वेगळा आणि आखूड-काळपट वेगळा ठेव. बुडाकडचा कडक, सालटलेला भाग कापून टाक. घेणारा ताकद, रंग, बारीकपणा आणि तो कडक भाग किती आहे हेच बघतो. सरमिसळ केलीस तर सगळ्या मालाला खालच्या प्रतीचाच भाव मिळेल.

कारखान्यांना अंबाडी नवी नाही. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा ज्यूटच्या गिरण्या हुगळीकाठी आपल्याकडं राहिल्या आणि ज्यूट पिकवणारी बरीचशी जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. ती तूट भरून काढायला मेस्त्याची लागवड वाढली, आंध्रात श्रीकाकुळम आणि विजयनगरम भागात ती चांगली रुजली. धान्याची पोती ज्यूटचीच असावीत म्हणून १९८७ साली कायदाही झाला. कागदासाठी अमेरिकेनं केनाफवर खूप काम केलं, १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातलं एक दैनिक केनाफच्या कागदावर छापून निघालं. जपानी मोटारींच्या दारांच्या आतल्या फळ्यांतही हा धागा वापरतात. हे सगळं खरं असलं तरी आपल्या तालुक्यात वाखाची बाजारपेठ नाही, हेही तितकंच खरं. म्हणून पेरणीआधी गिऱ्हाइकाशी भाव, प्रत आणि नेण्याची तारीख लेखी ठरव. दोरखंडवाला आणि कागदवाला दोघांनाही मूठभर वाख दाखव, त्यांना कोणती लांबी हवी ते विचार, आणि आगाऊ रकमेचा काही भाग मागायला संकोचू नकोस.

उरलेल्या सणकाड्या फेकू नकोस. त्या हलक्या, पांढऱ्या, चटकन पेटणाऱ्या. कुंपणाला, चुलीला, गोठ्यात जनावरांखाली अंथरायला चालतात, पाणी शोषून घेतात. भिजवलेलं पाणी ओढ्यात न सोडता महिनाभर मुरू दे आणि रब्बीच्या रानाला दे. खड्ड्याच्या तळाचा गाळ पुढच्या वर्षी त्याच वावरात पसर.

बियाण्याच्या कोपऱ्यातली बोंडं तपकिरी झाली की सकाळी दव असताना काप, उन्हात बोंडं तडकून बी गळतं. बी चांगलं वाळवून कोरड्या डब्यात ठेव. कापतानाच सर्वांत उंच, न फांदलेल्या आणि निरोगी काड्या निवडून त्यांचंच बी घे. त्यातलं पाच-सहा किलो पुढच्या मृगासाठी आपल्याला लागेल, उरलेलं गावात ज्याला हवं त्याला दे. चार घरांनी वाख काढला तर गाडीभर माल एकदम जाईल, आणि कारखानेवालाही आपल्या गावापर्यंत यायला तयार होईल.